युद्ध नव्हतं, तरी भरती होती : डेन्मार्कची कुळं आणि १७३३ चा कायदा

कोरडवाहू

सक्तीची सैन्यभरती म्हटलं की लढाई डोळ्यांसमोर येते. शत्रू चालून आला, राजाला माणसं कमी पडली, मग गावोगाव शिपाई फिरले आणि धडधाकट पोरं उचलून नेली. युरोपात सतराव्या शतकात असं पुष्कळ झालं. मी ज्या प्रकरणावर हा धागा काढतेय, त्यात मात्र युद्धाचा पत्ताच नाही. डेन्मार्कने १७२० मध्ये स्वीडनशी तह केला आणि त्यानंतर १८०१ पर्यंत त्या देशावर मोठं युद्ध लढायची वेळ आली नाही. ह्याच शांततेच्या काळात, ४ फेब्रुवारी १७३३ रोजी, राजा सहावा क्रिस्टियान याने हुकूम काढला की खेड्यातल्या १४ ते ३६ वयाच्या पुरुषाने, ज्या जमीनदारीत तो जन्मला तिची हद्द मालकाच्या परवानगीशिवाय सोडायची नाही. कारण सांगितलं सैन्यभरतीचं. डॅनिश भाषेत ह्या बंधनाला स्टाउन्सबॉन म्हणतात. ते १७८८ पर्यंत राहिलं.

माझं म्हणणं आधीच सांगते. कायदा कागदावर लष्करी होता, पण त्यावर पोसली गेली जमीनदाराची घरशेती. आणि गावाला ज्याने नमवलं तो होता एक साधा अधिकार : सैन्यात कोणाला पाठवायचं ते जमीनदार ठरवणार.

तिथली जमिनीची व्यवस्था आपल्या कूळ-खोत मंडळींना लगेच कळेल अशी आहे. बहुतेक शेतकरी कुळं होती. करार हयातीचा. शेत कसायला घेताना मालकाला नजराणा द्यायचा, दर वर्षी धान्य किंवा रोख असा खंड घालायचा आणि त्याशिवाय वाड्याच्या घरशेतीवर वेठ. वेठीला एकट्याने जाऊन भागत नसे. आपले घोडे, आपला नांगर, आपला गडी घेऊन जायचं, आणि तेही नेमकं आपल्या शेतात पेरणी-कापणी आली असताना. स्वतःच्या जमिनीचे मालक असलेले शेतकरी अगदी थोडे.

आता सरकारची बाजू. १६८८ मध्ये पाचव्या क्रिस्टियानने सगळ्या देशाची जमीन मोजून घेतली. प्रत्येक शेताचा कस धान्याच्या मापात नोंदवला. त्या मापाला हार्टकॉर्न म्हणत. कर ह्याच मापावर बसे आणि पुढे सैनिकांचा कोटाही ह्याच मापावर बसला. इतक्या हार्टकॉर्नामागे एक माणूस. म्हणजे सैनिक माणसांच्या संख्येवर ठरत नव्हता, जमिनीच्या आकारणीवर ठरत होता. तो पुरवायची जबाबदारी मालकाची. कुळांचा कर वसूल करून भरायची जबाबदारीही मालकाचीच, पण त्याच्या स्वतःच्या घरशेतीला करमाफी. त्यामुळे एखादं शेत ओस पडलं की मालकाचं दुहेरी नुकसान : कर पदरचा भरायचा आणि वेठीचे हातही गेले.

ह्या कोट्यातून भरली जाणारी ग्रामसेना, म्हणजे खेड्यांतल्या पोरांची फौज, आधी १७०१ मध्ये चौथ्या फ्रेडरिकने उभी केली होती. डेन्मार्कने स्वीडनशी १७०० मध्ये तह केला होता, पण उत्तर युरोपात युद्ध पेटलेलंच होतं आणि १७०९ मध्ये डेन्मार्क पुन्हा त्यात उतरला. त्याच राजाने १७०२ मध्ये शेलंड, लोलंड, फाल्स्टर आणि म्यॉन ह्या बेटांवरची जुनी बांधीलकी उठवली. तो १६९९ मध्ये गादीवर आल्यानंतर जन्मलेल्या मुलांना जन्मगावी डांबून ठेवणारी जुनी वहिवाट लागू राहणार नव्हती. १७३० मध्ये राजा बदलला आणि सहाव्या क्रिस्टियानने ग्रामसेनाच बरखास्त केली. खेड्यातल्या पोरांना वाटलं असेल, सुटलो. पण त्याच सुमाराला धान्याचे भाव कोसळले होते. शेत कसून हाती काही उरेना, माणसं दुसरीकडे मजुरी शोधायला निघाली, कुळं मिळेनात म्हणून शेतं रिकामी पडू लागली. जमीनदारांनी राजाकडे गाऱ्हाणी घातली. आणि तीन वर्षांत ग्रामसेना परत आली. ह्या वेळी तिच्या जोडीला गाव न सोडण्याचं बंधन होतं, तेही सबंध देशाला.

सनावळीचा हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. युद्धाच्या सावटात सेना होती पण बंधन उठत होतं. शांततेच्या काळात भाव पडले आणि बंधन आलं.

प्रत्यक्षात काय होत असे? वाड्यावर गावातल्या तरण्या पुरुषांची यादी असे. कोट्यातली जागा रिकामी झाली की मालक, किंवा त्याच्या वतीने कारभारी, त्यातून नाव काढी. चिठ्ठ्या टाकणं नाही, पाळी नाही. ज्याचा बाप वेठीवर वेळेवर येतो त्याचं पोर राहू दे, जो मागच्या वर्षी मजुरीवरून तोंड वर करून बोलला त्याला लाव. निवड झालेला तरुण गावातच राहायचा, शेतात राबायचा, आणि रविवारी देवळातली प्रार्थना संपली की चर्चजवळच्या मोकळ्या जागेत कवायतीला उभा राहायचा. आठवड्यातली तीच एक सुट्टी. सगळं गाव घराकडे निघालेलं असताना ह्यांनी खांद्यावर बंदूक घेऊन उलटसुलट वळायचं, आणि चुकलं की सर्वांदेखत मार खायचा.

मुदत संपली तरी सुटका नव्हती. मालक देईल ते शेत सुटून आलेल्या सैनिकाने कुळ म्हणून घ्यायला हवं. नाही म्हटलं तर परत रांगेत. साहजिकच पुढे केलं जाई ते कुणालाच नको असलेलं शेत : घर मोडकळीला आलेलं, गुरं नाहीत, जमीन पाणथळ. एरवी असल्या शेताला नजराणा सोडा, फुकट कसणारा मिळाला नसता. भरतीच्या धाकाने ते खपत होतं.

आणि वय. मुलं चौदा पुरी व्हायच्या आत निसटतात हे मालकांच्या लक्षात आलं, तेव्हा १७४२ मध्ये मर्यादा ९ ते ४० केली. १७६४ मध्ये ४ ते ४०. चार वर्षांचं मूल! त्याला बंदूक द्यायची नव्हती. त्याच्या आईबापांनी त्याला घेऊन दुसरीकडे जाऊ नये, एवढ्यासाठी ते नाव यादीत हवं होतं.

जायचंच असेल तर परवाना मिळे, विकत. मालक पैसे घेऊन सोडचिठ्ठी देई. राजाच्या सैन्यासाठी अडवलेला माणूस मालक स्वतःच्या तिजोरीसाठी सोडू शकत होता, आणि कायद्याला त्यात वावगं दिसत नव्हतं.

पिंपळपार

उत्तम धागा. युरोपच्या इतिहासात आपण राजे आणि लढाया वाचतो, कुळांचं असं कोणी लिहीत नाही. एक शंका : मालकाचा हुकूम मोडला तर काय? सैन्यात घालणं हीच एक शिक्षा होती का?

कोरडवाहू

नाही. मालकाला घरगुती शिक्षेचा हक्क होता आणि त्यातली सगळ्यांत कुप्रसिद्ध म्हणजे लाकडी घोडा. चार पायांवर उभी केलेली फळी, पण बसायची बाजू रुंद नसे. वरची कड निमुळती, धारेसारखी. माणसाला त्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसवायचं, पाय जमिनीला टेकणार नाहीत एवढ्या उंचीवर. शिक्षा कडक करायची तर पायांना वजनं बांधायची. हा घोडा मुळात लष्करी छावणीतला, सैनिकांना शिस्त लावायचा. तो वाड्याच्या अंगणात आला आणि वेठीला उशिरा आलेल्या कुळासाठी वापरला गेला. एकदा हा घोडा डोळ्यांपुढे आणला की सैन्य आणि शेती किती एकात एक मिसळली होती ते दिसतं.

उत्तरवारा

मी कोपनहेगनजवळ राहतो, म्हणून थोडी भर घालतो. इथल्या मुख्य रेल्वे स्टेशनाजवळ भर रहदारीच्या रस्त्यात एक उंच स्तंभ आहे, त्याला स्वातंत्र्यस्तंभ म्हणतात. हे बंधन उठवल्याच्या स्मरणार्थ उभारलेला. पायाभरणी ३१ जुलै १७९२ रोजी युवराज फ्रेडरिकच्या हस्ते झाली, काम १७९७ मध्ये पुरं झालं. शहराची वेस तेव्हा तिथे होती, म्हणजे खेड्यातून शहरात येणाऱ्याला तो आधी दिसायचा. आज बसची वाट बघणारे लोक त्याच्या पायथ्याशी उभे असतात, वर काय कोरलंय ते क्वचित कोणी वाचतं.

बंधन उठलं २० जून १७८८ ला. पण एका दिवसात नाही. १४ च्या खालचे आणि ३६ च्या वरचे लगेच मोकळे झाले, मधले टप्प्याटप्प्याने, आणि १ जानेवारी १८०० ला शेवटचे. कोरडवाहूताई, हे कोणी आणि का केलं यावरही लिहा ना.

तांबडीमाती

वाचतेय. आमचं घराणं रत्नागिरीकडचं, खोताची कुळं. वेठ, खोताच्या घरी कार्य असलं की फुकट राबायला जाणं, हे सगळं आजीच्या तोंडून ऐकलेलं आहे. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात खोती मोडण्याचं विधेयक मांडलं आणि १९३८ च्या जानेवारीत कोकणातले शेतकरी मुंबईत मोर्चा घेऊन गेले, ते याच अनुभवातून. पण खोताने कुळाच्या पोराला सैन्यात घातलं असं काही ऐकलेलं नाही. आपल्याकडे अठराव्या शतकात अशी सक्ती का नव्हती? की होती आणि आपल्याला माहीत नाही?

बखरप्रेमी

तांबडीमाती, दख्खनपुरतं सांगतो. सैन्यात माणूस मिळवायला आपल्याकडे सक्तीची फारशी गरजच नव्हती. सैनिकी चाकरी हा मोठा बाजार होता. स्वतःचं घोडं-हत्यार असेल तर शिलेदार, सरकारी घोड्यावर बसला तर बारगीर. पावसाळ्यात शेत, दसरा झाला की सीमोल्लंघन आणि मुलुखगिरी. कुणब्याचा पोरगा जायचा तो पगारासाठी, लुटीच्या आशेने, कधी आपल्या देशमुखाच्या मागोमाग. बळजबरी होत असे ती वेठबिगारीची. किल्ल्याचं काम, ओझी वाहणं, वैरण-लाकूड पोचवणं यासाठी गावावर वेठ पडे आणि रयत त्याने गांजून जाई, हे जुन्या कागदांत जागोजाग दिसतं.

पण मला ह्या धाग्यात दुसरीच तुलना जास्त मोलाची वाटते. कोरडवाहू म्हणतात की शेतं ओस पडू लागली म्हणून डॅनिश मालकांनी माणसं कोंडली. जमीन ओस पडणं ही दख्खनची नेहमीची अडचण. दुष्काळ पडला, फौज गावावरून गेली, की रयत परागंदा व्हायची. तेव्हा इथलं सरकार काय करी? कौल देई. परत या, जमीन लागवडीला आणा, पहिल्या वर्षी नाममात्र घेऊ आणि वर्षागणिक चढत जाऊन अमुक वर्षांनी पुरा धारा घेऊ. ह्यालाच इस्तावा म्हणत. शिवकाळापासून पेशवाईपर्यंत असे कौल दिले गेले. मोकळी जमीन भरपूर होती, शेजारच्या मुलखातला अंमलदारही असाच कौल घेऊन उभा होता, त्यामुळे रयतेला निघून जाण्याची धमकी देता येत होती. डेन्मार्कमध्ये नेमकी तीच धमकी कायद्याने काढून घेतली.

कोरडवाहू

बखरप्रेमी, हा प्रतिसाद मूळ लेखात जायला हवा इतका नेमका आहे. निघून जाता येणं हीच कुळाची एकमेव ताकद. मालक छळतो? उठलो आणि पलीकडच्या जमीनदारीत गेलो. पलीकडच्या मालकालाही माणूस हवाच असतो, तो दोन घास बरे देतो. १७३३ च्या कायद्याने पलीकडच्या मालकाला असा माणूस ठेवून घेण्याची बंदी केली. मालकांनी आपापसातली चढाओढ राजाच्या सहीने थांबवली. मजुरी दबलेली राहिली ती त्यामुळे.

जुनीपाने

धागा चांगला आहे, पण चित्र जरा जास्त काळं रंगवलंय असं मला वाटतं. काही मुद्दे.

बायका ह्या बंधनात नव्हत्या. फक्त पुरुष. पळून जाणारे बरेच होते आणि सगळे काही पकडून आणले जात नव्हते. परवाना विकत मिळे म्हणजे वाट होतीच. शिवाय पूर्व युरोपातल्या भूदासांची विक्री होत असे, ती इथे नव्हती. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे सुधारणा जमीनदारांतूनच आली. योहान हार्टविग एर्न्स्ट बेर्नस्टॉर्फ हा मंत्री स्वतः बडा जमीनदार. त्याने १७६० च्या दशकात कोपनहेगनजवळच्या आपल्या जमीनदारीत विखुरलेल्या पट्ट्यांची एकत्र शेतं करून कुळांना दिली, वेठीतून मोकळं केलं. १७८३ मध्ये त्याच कुळांनी त्याच्या आठवणीसाठी स्तंभ उभारला. त्याचा पुतण्या आन्द्रेआस पीटर बेर्नस्टॉर्फ, क्रिस्टियान डिट्लेव रेव्हेंटलाव हे १७८८ च्या सुधारणेतले पुढारी, तेही जमीनदारच. सगळ्या मालकांना एका मापाने मोजू नये.

लोकसंख्याही विसरू नका. शतकाच्या उत्तरार्धात ती वाढली, धान्याचे भाव चढले, कुळं मिळेनात ही ओरड संपली. बंधनाची गरजच उरली नव्हती.

कोरडवाहू

जुनीपाने, तुमचे मुद्दे खरे आहेत आणि त्यांच्यामुळेच चर्चेला वजन येतं. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही.

पळून जाणारे होते, बरोबर. पळालेल्या तरुणाचं काय होत असे ते पाहा. तो गावी परत येऊ शकत नाही, बापाचं शेत त्याला मिळत नाही, आणि सापडला तर सरळ सैन्यात. मागे राहिलेल्यांनी हे बघितलेलं असतं. कायदा शंभर जणांना लावावा लागत नाही. गावातल्या एकाला लावला की बाकीचे मालकाच्या अंगणात टोपी काढून उभे राहतात. म्हणून अंमल ढिला होता ह्या युक्तिवादाने मला समाधान वाटत नाही.

परवान्याचंही तेच. वाट होती, पण वाटेवर जकात होती आणि जकातीचा दर मालक ठरवत होता.

बायका मोकळ्या होत्या, पण विधवेचं बघा. कुळ मेलं की शेत चालवायला तिला पुरुष हवा. शेत नव्या कुळाला देताना मालक अट घाली की हिच्याशी लग्न कर. एकीकडे सैन्यातून सुटलेला तरुण, दुसरीकडे त्याच्याहून बरीच मोठी विधवा, आणि त्यांची गाठ वाड्यावर बांधली जाते. कायद्याने बंधन नसलेल्या बाईचं आयुष्यही त्याच यादीने ठरत होतं.

बेर्नस्टॉर्फ आणि रेव्हेंटलाव यांच्याबद्दल मात्र मनापासून सहमत. रेव्हेंटलावबद्दल मला आदरच आहे. उत्तरवारा यांनी विचारलं होतं म्हणून थोडक्यात : १७८४ मध्ये सोळा वर्षांच्या युवराज फ्रेडरिकने, बाप सातवा क्रिस्टियान मनोरुग्ण असताना, कारभार हाती घेतला. १७८६ मध्ये शेतकऱ्यांच्या स्थितीवर मोठा आयोग नेमला. त्यात रेव्हेंटलाव होता आणि कायदेपंडित क्रिस्टियान कोल्ब्यर्नसेन हा आयोगाचा सचिव. कोल्ब्यर्नसेन नॉर्वेतला. नॉर्वे तेव्हा ह्याच राजाच्या अमलाखाली होता, पण तिथे हे बंधन कधी नव्हतं. मोकळ्या शेतकऱ्यांच्या देशात वाढलेल्या माणसाला डॅनिश खेडं बघून चीड आली असेल तर नवल नाही.

पण बाकीचे मालक? १७९० मध्ये जटलंडच्या १०३ जमीनदारांनी युवराजाकडे अर्ज दिला की ह्या सुधारणांनी आमच्या मालमत्तेवर घाला येतोय. गरज संपलेलीच होती तर १०३ जणांनी एवढा आटापिटा कशाला केला असता?

तांबडीमाती

विधवेचा भाग वाचून गलबललं. धन्यवाद ताई.

बखरप्रेमी, कौल आणि इस्ताव्यावर वेगळा धागा काढा. कृपया.

उत्तरवारा

स्तंभाबद्दल एक गोष्ट राहिली. तो कोपनहेगनच्या नागरिकांनी वर्गणी काढून उभारला. आणि ह्याच शहरी नागरिकांना सैन्यात जावं लागत नव्हतं. १७८८ नंतरही सैन्याचा भार शेतकऱ्यांच्या मुलांवरच राहिला. शहरातल्या मुलांना तो लागू झाला १८४९ मध्ये, नवी राज्यघटना आली त्याच वर्षी. इथल्या लोकांशी बोलताना हे सांगितलं की बरेच जण चकित होतात. त्यांच्या मनात १७८८ म्हणजे संपूर्ण स्वातंत्र्य असं पक्कं बसलेलं असतं.

कोरडवाहू

उत्तरवारा, तुम्ही माझं काम केलंत. १७८८ मध्ये सैन्याची सक्ती गेली नाही, निवड मालकाच्या हातून काढून सरकारी यादीकडे दिली. एवढाच बदल. आणि एवढ्याने खेडं हललं! पुढच्या काही दशकांत अर्ध्याहून जास्त कुळं स्वतःच्या जमिनीची मालक झाली. सैनिक तितकेच जात होते, पण आता वेठीला नकार दिला म्हणून पोराला बंदूक मिळत नव्हती. धाक कशात होता हे ह्यावरून मला तरी स्पष्ट दिसतं.

ज्यांच्याकडे शेतच नव्हतं, नुसती झोपडी आणि परसातला तुकडा, त्यांच्या वाट्याला मात्र ह्या सुधारणांतून फारसं काही आलं नाही. उलट शेतं एकत्र झाली, गायरान वाटलं गेलं आणि त्यांची गाय चरायची जागा गेली. ही माणसं कुठल्याच स्तंभावर नाहीत.

सह्यकडा

फक्त डेन्मार्कच नाही. त्याच १७३३ साली प्रशियात पहिल्या फ्रेडरिक विल्यमने प्रत्येक पलटणीला एकेक इलाखा नेमून दिला आणि तिथल्या शेतकऱ्यांच्या मुलांची नावं पलटणीच्या वहीत चढू लागली. वर्षातले दोनेक महिने कवायत, बाकी वेळ मालकाच्या शेतावर. पलटणीतला अधिकारी आणि गावातला जमीनदार एकाच वर्गातले, कधी एकाच घरातले. रशियात १७०५ पासून ठराविक घरांमागे एक माणूस, तोही जन्मभरासाठी. १७९३ मध्ये मुदत २५ वर्षं केली. घरचे त्याला निरोप देताना प्रेतयात्रेसारखं रडत, कारण तो परत दिसणारच नव्हता.

आणि खरोखरच्या युद्धातलं उदाहरण हवं असेल तर उत्तर स्वीडनमधला बिगदेओ हा परगणा. तिथल्या नोंदी इतक्या नीट राहिल्या आहेत की माणूस न माणूस मोजता येतो. १६२१ ते १६३९ मध्ये तिथून २३० तरुण पोलंड आणि जर्मनीतल्या लढायांसाठी नेले. २१५ मेले. पाच जण जायबंदी होऊन परतले. परगण्यातले प्रौढ पुरुष ४६८ चे २८८ झाले. १६३९ मध्ये नेलेल्यांपैकी निम्मी मुलं १५ वर्षांची होती.

पिंपळपार

२३० पैकी २१५... हे दोनदा वाचलं. शेतं मग बायकांनीच सांभाळली असणार.

बखरप्रेमी

एक मराठी धागा जोडून देतो. ज्या चौथ्या फ्रेडरिकने १७०१ मध्ये ही ग्रामसेना उभी केली, त्यानेच पाठवलेले झीगेनबाल्ग आणि प्ल्युत्शाउ हे दोन जर्मन मिशनरी १७०६ मध्ये तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीला उतरले. तरंगंबाडी म्हणजे डॅनिशांचं ट्रांकेबार, तिथला डान्सबोर्ग किल्ला १६२० चा. तेव्हा तंजावरवर नायकांचं राज्य होतं, पण १६७० च्या दशकात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतल्यावर डॅनिश वखार तिची सालीना खंडणी भोसल्यांच्या दरबारात भरू लागली. म्हणजे डेन्मार्कचा राजा इकडे मराठी राजाला जमिनीचा खंड देणारा, आणि तिकडे आपल्या कुळांवर कोटा बसवणारा. ह्याच मिशनमधून आलेला श्वार्ट्झ पुढे दुसऱ्या सरफोजीराजांचा गुरू झाला. सरफोजींनी त्याचं संगमरवरी स्मारक तंजावरात उभारलंय.

जुनीपाने

ही जोड माहीत नव्हती, छान.

कोरडवाहू, १०३ जमीनदारांचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. तरी लोकसंख्या आणि भाव यांना मी पहिल्या क्रमांकावरच ठेवीन. आयोगाने चांगुलपणाने काम केलं, पण भाव १७३० सारखे पडलेले असते तर आयोग नेमलाच गेला नसता.

कोरडवाहू

भाव पडलेले असते तर सुधारणा लांबली असती, हे मीही म्हणेन. पण भाव चढल्यावर मालक दोन गोष्टी करू शकतो : कुळाला मोकळं करणं, किंवा जास्त धान्य विकता यावं म्हणून वेठ वाढवणं. बऱ्याच डॅनिश मालकांनी १७७० च्या आगेमागे दुसरं केलं. १७७१ मध्ये स्ट्रुएन्सेने, म्हणजे सातव्या क्रिस्टियानच्या वैद्याने, जो तेव्हा कारभार चालवत होता, वेठीचे दिवस ठरवून दिले. त्याची सत्ता गेल्यावर ते नियम मागे घेतले गेले. तेव्हा भाव एकटा काही ठरवत नाही. कोणाच्या हाती सत्ता आहे तेही बघावं लागतं.

सह्यकडा

ताई, सरकारी यादीचा उल्लेख केलात. १७८८ नंतरच्या त्या याद्या अजून आहेत का? एखाद्या गावाचं काय झालं ते त्यातून कळू शकेल?

कोरडवाहू

आहेत, आणि डॅनिश सरकारी दफ्तरखान्याने त्या ऑनलाइन ठेवल्या आहेत. घराण्याचा इतिहास शोधणारे डॅनिश लोक त्यांचा सर्रास वापर करतात. देश लहान लहान गटांत वाटला होता, साधारण एक चर्चगाव म्हणजे एक गट, आणि गटागटाची यादी. शेतकऱ्याच्या घरी मुलगा जन्मला की त्याचं नाव यादीत. पुढे बापाचं नाव, जन्मगाव, वय, मोठा झाल्यावर उंची इंचांत, सध्या राहतो कुठे, आणि शेऱ्याच्या रकान्यात काय काय : नोकरीला गेला, दुसऱ्या गटात गेला, अपंग, मेला.

एखादं गाव बघायचं असेल तर पहिली यादी आणि तिच्यापुढची दहा-बारा वर्षं ओळीने उघडा आणि राहण्याच्या रकान्यावर लक्ष ठेवा. माणूस गट बदलतो तेव्हा त्याचं नाव जुन्या यादीतून निघून नव्या यादीत चढतं, नवा क्रमांक मिळतो. १ जानेवारी १८०० च्या अलीकडच्या आणि पलीकडच्या याद्या शेजारी ठेवल्या की किती पोरं जन्मगाव सोडून गेली ते मोजता येईल. जुनं गॉथिक हस्ताक्षर वाचायला सुरुवातीला त्रास होतो, पण गावांची नावं तीच तीच येतात, त्यामुळे नजर बसते. उत्तरवारा, तुम्ही तिथेच आहात. शेलंडमधलं एखादं लहान गाव निवडून हे करायचं का? वाचायला मी आहे, बखरप्रेमींना मोडीची सवय आहे, त्यांनाही ओढू.

उत्तरवारा

नक्की. गाव कोणतं घ्यायचं ते ह्या आठवड्यात सुचवतो. बेर्नस्टॉर्फच्या जमीनदारीतलं नको, तिथे आधीच सगळं बदललं होतं. एखाद्या साध्या वाड्याचं घेऊ.